उत्तम, मध्यम, कामचलाऊ

एका चित्राला दोन मिनिटं लागत आणि एका सेकंदाला चोवीस चित्रं लागत. म्हणजे पडद्यावर एक सेकंद घर दिसावं म्हणून आम्ही तिघं माणसं पाऊण तास श्वास धरून उभी. हा हिशेब मला पहिल्या दिवशी समजला तेव्हा वाटलं, साहेबांची गंमत चाललीये. साहेब गंमत करत नसत.

आणीबाणी उठून दोन-तीन वर्षं झाली असतील. मोहोपाड्याला केमिकलच्या कारखान्यात आमचे हे बदली कामगार होते, म्हणून मी खानदेशातून तिथे आले. सहावीत शाळा सुटलेली. खोलीत बसून साड्यांना फॉल लावायचे, ब्लाउजांना हुक. बाजारात एक टेलरचाचा होते, त्यांच्याकडे एक दिवस मुंबईचे एक आर्किटेक्ट आले आणि तळहाताएवढे पडदे शिवून द्याल का म्हणून विचारू लागले. चाचांना वाटलं, बाहुल्यांचा धंदा दिसतोय. त्यांनी माझं नाव सांगितलं.

तेच आमचे साहेब. जुन्या मुंबई-पुणे हायवेला लागून, लोधिवलीत त्यांनी पत्र्याची एक शेड घेतली होती. तिथे ते पुठ्ठ्याची आणि लाकडाची घरं करत. पडदे झाले, मग गाद्या झाल्या, मग पट्टी धरून मापं घ्यायला मला त्यांनीच शिकवलं. किती शिकलात, असं एकदाही विचारलं नाही. बसायला खुर्ची दिली. हे मी मुद्दाम लिहिते आहे, कारण पुढे त्यांच्याबद्दल जे लिहिणार आहे त्यात माझा वैताग फार दिसेल, आणि तो खरा आहे, पण खुर्चीही खरी आहे.

त्या पावसाळ्यात यांचं बदलीचं काम बंद पडलं. रोज गेटवर जायचे, रोज परत यायचे. घर माझ्या शेडच्या कामावर चाललं होतं. ते गेलं असतं तर गाशा गुंडाळून खानदेशात, सासरच्या चुलीपुढे. सासूबाईंनी तसं पत्र पाठवूनही झालं होतं, की कशाला परमुलखात पडलात.

आणि नेमकं तेव्हाच साहेबांच्या डोक्यात सिनेमा शिरला.

कारखान्याला कामगारांसाठी नवे क्वार्टर्स बांधायचे होते. साहेबांचं म्हणणं, नकाशा बघून कुणाला घर कळत नाही. मॉडेल वरून बघितलं तर माणूस कावळ्यासारखा बघतो. घरात कसं चालत जावं लागतं तसं दाखवलं पाहिजे. म्हणून क्वार्टरचं आतलं मॉडेल करायचं, फुटाला दीड इंच, त्याची एक बाजू उघडी ठेवायची, आणि रुळावर छोटी गाडी, गाडीवर सोळा एमएमचा कॅमेरा. गाडीला लांब आट्यांचा स्क्रू. एक फेरा फिरवला की गाडी केसभर पुढे. एक चित्र घ्यायचं, पुन्हा एक फेरा. दारातून आत, पॅसेजमधून खोलीत, खोलीतून स्वयंपाकघरात. सगळं मिळून दीड मिनिट. दिवाळीच्या आधीच्या शनिवारी कारखान्याच्या मोठ्या साहेबांची मीटिंग होती, तिथे ते दाखवायचं. पसंत पडलं तर पुढचं सगळं काम आमच्या शेडला. नाही पडलं तर शेड बंद करून मी मुंबईला परत जाईन, असं साहेबांनी मला आणि मेस्त्रींना समोर बसवून सांगितलं.

मेस्त्री म्हणजे आमचे सुतार. लोधिवलीचेच, घरची भाताची शेती, हात सोन्याचा आणि तोंड अखंड चालू.

शेडमध्ये एक फळा होता. साहेबांनी त्यावर खडूने तीन रकाने आखले आणि वर लिहिलं: उत्तम, मध्यम, कामचलाऊ. डाव्या बाजूला एकाखाली एक ठरवायच्या गोष्टी. लेन्सचा डोळा किती बारीक ठेवायचा, कारण जितका बारीक तितकं जवळचं-लांबचं सगळं रेखीव येतं, पण मग प्रकाश आत यायला आठ सेकंद लागतात. एका जागी एक चित्र घ्यायचं की तेच दोनदा घ्यायचं. दोनदा घेतलं तर काम निम्मं, पण चाल जराशी अडखळते म्हणे. दिवे चार की आठ. फरशीच्या रेघा हाताने ओढायच्या की छापील कागद चिकटवायचा. भिंतीच्या तळाची पट्टी लाकडाची की रंगाची. अशा अकरा ओळी.

मला वाटलं, आता साहेब विचार करतील. त्यांनी खडू घेतला आणि अकराच्या अकरा खुणा उत्तमच्या खाली केल्या. एका दमात. मेस्त्री म्हणाले, "मग बाकीचे रकाने कशाला आखले, सायेब?"

साहेब म्हणाले, "इतर लोक काय करतात ते कळावं म्हणून."

 मी त्या काळात कधीच काही बोलत नसे. लोकांनी ठेवून घेतलंय, आपण शहाणपणा कशाला करा, असं मनात सारखं चालू असायचं. पण पॅसेजच्या भिंतीच्या तळाची ती पट्टी, गव्हाच्या काडीएवढी, लाकडाची, पॉलिश केलेली, त्यात आमचे तीन दिवस गेले. त्या पट्टीपुढून कॅमेरा किती वेळ जाणार होता? मोजून चार सेकंद.

चौथ्या माळेला चित्रं घ्यायला सुरुवात केली. खिडक्यांना गोणपाट, दार बंद, आत आठ बल्ब, ऑक्टोबरचा उकाडा. आणि बाहेर हायवे. ट्रक गेला की शेड हलायची. शेड हलली की टेबल हलायचं. लेन्स आठ सेकंद उघडी असताना ट्रक गेला की चित्र पुसट. साध्या फोटोसारखा खट्कन क्षण असता तर ट्रकचा बाप गेला असता तरी चाललं असतं. पण उत्तमला आठ सेकंद.

म्हणून मेस्त्रींना बाहेर उभं केलं. त्यांनी चढावाकडे बघायचं आणि ट्रक येत असेल तर "हाय" ओरडायचं, नसेल तर "नाय". "नाय" आलं की साहेब बटण दाबणार, मी आठ मोजणार, मग स्क्रूचा एक फेरा, मग वहीत एक रेघ. मेस्त्री रस्त्यावर उभे म्हटल्यावर गावातलं प्रत्येक माणूस थांबून विचारणार, काय मेस्त्री, इथं काय करता? मेस्त्री सांगत, "ट्रक मोजतो." मग ते पुन्हा का, कुणासाठी, सरकार रस्ता रुंद करतंय काय, आमच्या जमिनी जातात काय. आत आम्ही घामाने निथळत "हाय" की "नाय" याची वाट बघत. दोन दिवसांत गावात बातमी पसरली की हायवेसाठी मोजणी चाललीये. तलाठी चौकशीला येऊन गेला. मेस्त्री स्वतःच एका गाडीवाल्याला विनवत होते ते मी ऐकलं, "जा रं बाबा लवकर, आत एक सेकंदाचं घर खोळंबलंय."

खंडेनवमीला आम्ही बरोबर खोलीच्या मध्यावर होतो. सकाळी मेस्त्री आले ते आंघोळ करून, झेंडूची फुलं आणि आपट्याची पानं घेऊन. आज हत्याराला हात लावायचा नाही, पूजा करायची. साहेब म्हणाले, करवतीची करा, रंध्याची करा, पण कॅमेरा आज चालणार. त्यावर मेस्त्री शांतपणे म्हणाले, "सायेब, कॅमेरा पन हत्यारच हाय. त्याच्यावर पोट हाय ना आपलं?"

पोटाचं नाव काढल्यावर साहेब नमले. मग अटी घातल्या. गाडीला हात नाही, कॅमेऱ्याला हात नाही, मॉडेलला हात नाही, गुलाल-हळद दोन हात लांबून. चिडून ते बाहेर पडले, चौक गावात जाऊन पेपर घेऊन येतो म्हणाले. मेस्त्रींनी खरोखर सगळं पाळलं. जमिनीवर पाट मांडला, त्यावर करवत, रंधा, पटाशी, माझी कात्री, आणि कॅमेऱ्यासमोर लांब, खाली, एक फूल.

पूजा आटोपली. दुसऱ्या दिवशी दसरा, सोनं वाटून दुपारपासून पुन्हा हाय-नाय. दसऱ्यानंतर दोन दिवसांनी शेवटचं चित्र घेतलं. वहीतल्या रेघा दोन हजारांच्या वर. साहेब स्वतः रीळ घेऊन मुंबईच्या लॅबला गेले.

सहा दिवसांनी रीळ धुऊन आलं. त्याच दुपारी शेडच्या भिंतीवर चादर लावून साहेबांनी प्रोजेक्टर सुरू केला. दार सरकलं, पॅसेज सरकला, आणि खरं सांगते, माझ्या अंगावर काटा आला. मी शिवलेला पडदा खऱ्या पडद्याएवढा दिसत होता. आपण त्या घरात चालत होतो. खोलीत शिरलो, खाटेपाशी पोचलो, आणि एकदम भक्कन उजेड वाढला. कुणी खिडकी उघडावी तसा. पुढे शेवटपर्यंत तसाच उजळ.

साहेबांनी रीळ मागे घेतलं. पुन्हा तेच. चार वेळा बघितलं. आधी म्हणाले, व्होल्टेज. मग म्हणाले, व्होल्टेज एकदा वाढून तीन दिवस तसं राहत नाही. मग वही मागितली आणि रेघा मोजत मोजत बरोबर खंडेनवमीवर बोट ठेवलं.

"पूजा नडली," ते म्हणाले. "मेस्त्री, काय केलंत तुम्ही?"

मेस्त्रींचं तोंड उतरलं. "मी कॅमेऱ्याला बोट लावलं नाय, सायेब. वैनींना इचारा, त्या इथंच व्हत्या."

दोघं माझ्याकडे बघू लागले. आणि मला तेव्हाच आठवलं.

आमच्याकडे खंडेनवमीला मळकं हत्यार पुजत नाहीत. विळा, कोयता, नांगराचा फाळ, सगळं आधी घासून-पुसून लख्ख करतात. माहेरी आई शिवणयंत्रसुद्धा तेल देऊन पुसायची. गाडीला हात लावायचा नाही, कॅमेऱ्याला नाही, मॉडेलला नाही. बल्बांचं नाव साहेबांनी घेतलंच नव्हतं. आणि बल्ब तर किती मळलेले! हायवेची धूळ, भाताच्या दिवसांतले ते हिरवे किडे, उष्णतेने त्यावर तेलकट थर धरलेला. मेस्त्री फुलं मांडत होते तेव्हा मी स्टुलावर चढून आठही बल्ब उतरवले, राखेने घासले, कोरड्या फडक्याने पुसले आणि परत लावले. वर मनात म्हटलंही, की आपण किती मन लावून काम करतो.

गप्प बसता आलं असतं. मेस्त्रींवर गेलंच होतं. ते गावचे, त्यांचं शेत होतं, त्यांना काढलं तरी ते उपाशी राहिले नसते. हे सगळं माझ्या मनात येऊन गेलं, नाही असं नाही.

"बल्ब मी पुसले," मी म्हटलं.

"का?"

"पूजेला मळकं ठेवत नाहीत."

साहेब स्टुलावर बसले.  ओरडले असते तर बरं झालं असतं. शेवटी एवढंच म्हणाले, "बाई, दिवाळीनंतर तुमचं काय करायचं ते बघू." आणि दिवा बंद केला.

घरी गेल्यावर यांना काही सांगितलं नाही. ते गेटवरून तसेच आले होते. भाकरी थापताना माझ्या डोळ्यांपुढून ते रीळच सरकत होतं, पहिल्यापासून. दार. पॅसेज. आणि तिथे मी थांबले. रिळाच्या सुरुवातीला तीन-चार सेकंदांचा एक तुकडा होता, जो आम्ही गाडी नीट चालते का ते बघायला अगोदर घेतला होता. डोळा मोठा उघडा, एका जागी दोन-दोन चित्रं, घाईघाईत एका सकाळी. म्हणजे फळ्यावरचा तिसरा रकाना. साहेबांनी तो दारापासूनच घेतला होता आणि वाया नको म्हणून तिथूनच पुढे उत्तम सुरू केलं होतं. चार वेळा आम्ही रीळ बघितलं, पण जोड कुणाला दिसला नव्हता.

सकाळी शेडवर पोचले तर नवीच भानगड. कडावला मेस्त्रींच्या सासुरवाडीचं लवकर पिकणारं हळवं भात कापायला आलं होतं. ते चार दिवस तिकडे जाणार. सासऱ्याला शब्द दिलेला. साहेब त्यांना समजावत होते की मीटिंगला नऊ दिवस उरलेत, त्यातले पाच लॅबचे, हातात चार, आणि तुम्ही ट्रक बघायला नाही तर सगळं एका उजेडात पुन्हा उत्तम कसं घेणार? मला वाटलं कपाळ बडवून घ्यावं. चार दिवसांत पुन्हा नऊ दिवसांचं काम करायला निघाले होते, आणि भांडण कशावरून, तर ट्रकवरून.

माझं तर जे व्हायचं ते झालंच होतं. मग भीती जरा हलकी होते. मी म्हटलं, साहेब, एकदा रीळ लावा. कामचलाऊ कुठे संपतं आणि उत्तम कुठे सुरू होतं ते मला दाखवा.

त्यांना आधी कळेना. कळलं तेव्हा कपाळाला आठी. पण लावलं. पहिल्यांदा म्हणाले, इथे. मी वहीतल्या रेघा आणि रिळावरची चित्रं मोजून दाखवलं, इथे नाही. दुसऱ्यांदा चुकले. तिसऱ्यांदा त्यांनी बोटच दाखवलं नाही.

मग मी मेस्त्रींना विचारलं, काल काय बघितलंत त्या घरात, आठवेल ते सांगा. मेस्त्री कडावच्या गाडीच्या घाईत. म्हणाले, "खाट हाय, पडदा हाय. ओटा हाय, पन त्याच्या खाली लाकडं-कोळसा ठेवाया जागा नाय. आमची बाय असती तर पयलं तेच बोलली असती."

"आणि पॅसेजच्या भिंतीखाली पट्टी आहे, ती?" मी विचारलं.

"पट्टी?" तीन दिवस त्यांनीच ती तासली होती. "आली काय ती दिसून?"

साहेब हसले नाहीत. मीही नाही. मला हसू येत नव्हतं, चीड येत होती, त्या काडीएवढ्या लाकडासाठी मी तीन दिवस पाठीचा काटा ढिला करून घेतला होता. मेस्त्री गेले. साहेब फळ्यापाशी गेले, फडक्याने सगळ्या खुणा पुसल्या आणि खडू माझ्या हातात दिला. 

मी दार आणि पॅसेज तिसऱ्या रकान्यात टाकलं. खोली मध्यम, एका जागी दोन चित्रं. डोळा इतपत उघडा की तीन सेकंदांत भागेल, म्हणजे ट्रकच्या आवाजावरून आतूनच अंदाज घेता येईल, बाहेर माणूस नको. फक्त स्वयंपाकघर उत्तम, ओट्यापाशी थांबतो तेवढं, कारण ज्यांना राहायचं त्यांच्या नजरा तिथे जाणार. बल्बांना कुणी हात लावायचा नाही, असं मी स्वतःच खाली लिहिलं. साहेबांनी ते वाचलं आणि पहिल्यांदा जरा सैल झाले.

चार दिवस आम्ही दोघंच. यांना गेटवर काम नव्हतंच, तर तेही येऊन स्क्रू फिरवू लागले. साहेब सारखे म्हणायचे, खोलीत जरा डोळा बारीक करूया का? मी म्हणायचे, नाही. पॅसेजमध्ये एका जागी एकच घेऊ का? नाही. माणसाला उत्तमची ओढ लागली की दारूपेक्षा वाईट. दिवसातून दहा वेळा तेच. ज्या माणसाने मला खुर्ची दिली त्याला मी दिवसातून दहा वेळा नाही म्हणत होते, आणि प्रत्येक वेळी वाटत होतं, की हे सगळं दिवाळीनंतरच्या खात्यात जमा होतंय.

रीळ शुक्रवारी संध्याकाळी आलं. बघायला वेळच नव्हता. शनिवारी थेट कारखान्याच्या कँटीनमध्ये.

तिथे पडदा नव्हता. चुन्याची भिंत. खिडक्यांना ब्लँकेटं लावली होती, तरी वरच्या झरोक्यातून ऊन आत येत होतं. चहाचे कप वाजत होते. कारखान्याचा प्रोजेक्टर, आणि तो चालवायला ऑफिसातला एक कारकून, ज्याने तो वर्षातून एकदा सुरक्षा सप्ताहाला चालवलेला. मी मागे, भिंतीला टेकून उभी. दार आलं, पॅसेज आला, सगळं दुधात बुडवल्यासारखं. कामचलाऊ काय, उत्तम काय, सगळं एकच धुकं. मोठे साहेब शेजारच्याशी बोलायला लागले. आमचे साहेब पुढच्या रांगेत ताठ बसलेले, मान वळवत नव्हते.

खोली आली. पुढे स्वयंपाकघर येणार होतं, जिथे आमचा सगळा जीव होता. मी मनात म्हटलं, त्या कारकुनाला कुणीतरी सांगेल, की लेन्स फिरव, चित्र पुसट येतंय. कुणी सांगेना.

मी पुढे गेले. कारकुनाला बाजूला व्हा म्हटलं असावं, नक्की आठवत नाही. लेन्सची कडी फिरवली. भिंतीवर ओटा उमटला, नळ उमटला, फरशीची रेघ न् रेघ. कडी जुनी, सोडली की घसरायची, म्हणून धरून उभी राहिले. चहाचे कप वाजायचे थांबले.

मोठ्या साहेबांनी वळून विचारलं, "ओट्याखाली सरपण ठेवायला जागा दिसत नाही?"

आमचे साहेब म्हणाले, "करू. आमच्या मेस्त्रींनीही तेच काढलं."

"आणि या कोण?"

प्रोजेक्टरच्या दिव्याची धग माझ्या मनगटाला लागत होती. 

"सिनेमा यांनी घेतलाय," आमचे साहेब म्हणाले. "पुढचं काम दिलंत तर तेही याच घेतील."

मी मान वळवली नाही. कडी घसरली असती.